नारळ फोडायच्या आधी

बापू सुतारांनी एखाद्या मोटारीच्या रंगाची तारीफ केली, की तिच्या मालकाच्या पोटात गोळा यायचा. रंगाची, नाहीतर भोंग्याची, नाहीतर आतल्या गाद्यांची. बापू म्हणाले, "रंग झ्याक हाय," की चाकणच्या नाक्यावरची माणसं एकमेकांकडे बघायची आणि गुपचूप चहाच्या कपात तोंड घालायची. कारण ज्या गाडीत खोट नसे तिच्या रंगाबिंगाबद्दल बापू अवाक्षर काढत नसत. "चालवा," एवढंच म्हणत आणि पुन्हा रंधा हातात घेत.

आता बैलगाड्या करणाऱ्या सुताराचा आणि मोटारीचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. पन्नास साल नुकतंच उलटलं होतं आणि मी पुण्याहून डॉक्टरकीची पदवी, एक सायकल आणि भरपूर अक्कल घेऊन चाकणला दवाखाना थाटला होता. नाशिक रस्त्याच्या कडेला, चिंचेखाली बापूंची शेड होती. कांद्याच्या हंगामाआधी तिथे बैलगाड्यांची रांग लागायची. आणि त्या रांगेत अधूनमधून एखादी जीप, एखादा लष्करातून निघालेला ट्रक, एखादी मुंबईच्या शेठने वापरून टाकलेली विलायती मोटार मुकाट उभी असायची. लढाई संपल्यापासून अशा जुन्या गाड्यांचा सुळसुळाट झाला होता. सगळ्या नव्याने रंगवलेल्या, सगळ्या "एका हातात वापरलेल्या". त्या विकत घेण्याआधी शहाणी माणसं बापूंना दाखवायची.

बापूंना इंजिनातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि ते तसं उघड सांगत. त्यांना कळायचा तो खालचा सांगाडा. बैलगाडीच्या खालच्या चौकटीला साटा म्हणतात, म्हणून मोटारीच्या सांगाड्यालाही ते साटाच म्हणायचे. "उभी गाडी कुनीबी सजवंल," ते म्हणत, "चालवून बगा." साटा वाकला तर ठोकून सरळ करता येतो, मोडला तर जोड मारता येतो, वरून डांबर फासलं की झालं. म्हणून बापू गाडीखाली वाकून बघायच्या भानगडीत पडतच नसत. शेडसमोरच्या सपाट जागेत ते चुलीतली चाळलेली राख पसरायचे आणि गाडी त्यावरून सरळ, हळू चालवायला सांगायचे. मग उकिडवे बसून चाकांचे माग बघायचे. मागचं चाक पुढच्याच्या मागावर नीट बसलं तर "चालवा". एका बाजूला माग आत आणि दुसऱ्या बाजूला बाहेर पडला, की गाडी खेकड्यासारखी तिरकी चालतेय, साटा कधीतरी मोडलाय. मोटारीचे मेकॅनिक हसायचे आणि मग स्वतःच्या गिऱ्हाइकाची गाडी हळूच तिथे घेऊन यायचे.

ती राख चाळून, टोपलीत भरून आणायचं काम सरूकाकूंचं. सरूकाकू म्हणजे बापूंची बायको. ठेंगणी, हसरी, आणि सदा कामात. राखेची टोपली ती जणू हळदीकुंकवाचं तबक असल्यासारखी घेऊन यायच्या, गाडीवाल्याला पाणी विचारायच्या आणि खांबाला टेकून जरा वेळ दम खायच्या. बापूंची आणि माझी ओळख झाली ती या दम खाण्यावरून. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात ते काकूंना दवाखान्यात घेऊन आले. म्हणाले, "चढ चडली की हिचा श्वास भरतो. मला म्हनती म्हातारी झाले. आवं, माज्याहून धा वर्सांनी ल्हान हाय ती."

मी छातीला नळी लावली. दर ठोक्यामागून एक फरफर ऐकू येत होती. लहानपणी सांधे धरून ताप येतो आणि जाताना हृदयाची एखादी झडप नासवून जातो, त्यातलं ते प्रकरण होतं. पुस्तकात वाचलेला आवाज हुबेहूब ऐकायला मिळाला म्हणून मला, खोटं कशाला बोलू, थोडा आनंदच झाला. बापूंनी विचारलं, "काळजीचं काय न्हाई न्हवं?" मी म्हणालो, "काही नाही. अशक्तपणा आहे. या गोळ्या घ्या, बरं वाटेल." आमच्या गुरुजींनी आम्हाला शिकवलंच होतं की जिथे इलाज नाही तिथे आजाराचं नाव घेऊ नये, घरच्यांचा जीव उगाच टांगणीला लागतो. मला तो नियम फार दयाळू वाटायचा. काकू गोळ्यांची पुडी पदरात बांधून हसत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे अर्धा शेर तूप पोचलं.

बापूंचाही एक नियम होता. तो त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला. गाडी बैलाची असो की मोटारीची, तिची पूजा होऊन नारळ फुटला की ती घरची झाली. मग तिला नाव ठेवायचं नाही. "घरच्याची खोट बोलू ने," बापू म्हणत. "बोलला, की ती खोट बोलनाऱ्याच्या घरात ऱ्हायला येती." म्हणून दाखवायची ती नारळ फोडायच्या आधी. नंतर आणलीत तर बापू रंगाची तारीफ करणार, आणि मग तुमचं तुम्ही समजून घ्यायचं. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही कुणीतरी सांगितलं होतं. अडाणी लोकांची गंमत म्हणून मी ते पुण्यातल्या मित्रांना तिखटमीठ लावून सांगायचो.

दुसऱ्या वर्षी मला मोटार घ्यायची हुक्की आली. मालतीला, म्हणजे माझ्या बायकोला, मोटार हवी आहे असं मी लोकांना सांगायचो. हवी होती मलाच. सायकलवरून निघोजे, कुरुळी, तळवडे करून माझ्या पोटऱ्यांचे दगड झाले होते. पिंपरीला तेव्हा कारखान्यांची बांधकामं सुरू झाली होती. तिथल्या एका कंत्राटदाराकडे एक काळी मोटार होती. इतकी काळी आणि इतकी चकचकीत, की तिच्या दारात मी माझा भांग नीट केला. कंत्राटदार मोठा अगत्यशील. चहा दिला, चिवडा दिला. मी व्यवहारी माणसासारखा चेहरा करून म्हणालो, "चाकणच्या बापूंना एकदा दाखवून घेतो."

"दाखवा की, जरूर दाखवा," तो म्हणाला. "माझाही त्यांच्यावर फार विश्वास." आणि बोलता बोलता त्याने डिकीतून नारळ, हळदीकुंकू आणि उदबत्तीचा पुडा काढला. "आज दिवस चांगला आहे डॉक्टरसाहेब. पूजा तेवढी इथेच उरकून घ्या. मग खुशाल दाखवा."

एवढा संस्कारी माणूस बांधकामाच्या धंद्यात कसा टिकला, याचं मला नवल वाटलं. मी नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा त्याने आधी माझ्या हातावर ठेवला.

चाकणला आलो तेव्हा बापू राखेची टोपली घेऊन पुढे आले. मोटारीच्या नाकावरचं कुंकू त्यांना दिसलं आणि ते थांबले. टोपली खाली ठेवली. राख काही त्यांनी पसरली नाही, पण रस्त्यावरच्या धुरळ्यात माझ्या चाकांचे माग उमटलेच होते. ते बघत बापू नाक्यापर्यंत मागे चालत गेले, तिथे उकिडवे बसले, आणि बऱ्याच वेळाने परत आले. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो होतो. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "भोंगा लई ग्वाड हाय."

मी खूश होऊन तो आणखी दोनदा वाजवला. नाक्यावरची सगळी माणसं कपात बघत होती. एकानेही मला काही सांगितलं नाही. सांगणार कसं, नारळ फुटला होता. मीही असा शहाणा, की दुसऱ्यांच्या फजितीची गोष्ट रंगवून सांगताना ती माझ्यावर येऊ शकते हे डोक्यात शिरलंच नाही. घरी जाऊन मालतीला म्हणालो, "बापूंना गाडी पसंत पडली."

त्या दिवसापासून बापूंना जिथे तिथे कामं निघू लागली. मी निघोज्याला निघालो की ते रस्त्यात उभे. "मलाबी निघोज्यालाच जायचंय." कुरुळीला निघालो तर त्यांचा एक चुलतभाऊ कुरुळीला. तळवड्याला निघालो तर तिथे त्यांना बाभळीचं लाकूड बघायचं असे. पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी, धोतर आवरून ते ताठ बसत आणि मी जरा वेग घेतला की म्हणत, "हळू घ्या डाक्टर, मळमळतंय." खड्डा दिसला की दहा कदम आधीच त्यांना मळमळायचं. मी त्यांची जीभ बघितली, पोट दाबून बघितलं, काही सापडेना. तेव्हा मी त्यांना माझं गुलाबी मिक्श्चर सुरू केलं. रोज तीन वेळा. बापूंनी ते आठ महिने मुकाट घेतलं. त्या मिक्श्चरची चव मी स्वतः एकदा घेतली होती. दुसऱ्यांदा घेतली नाही.

तिकडे शेडमध्ये बैलगाड्या खोळंबल्या. शेतकरी बोंब मारायला लागले. मी मालतीला सांगायचो की म्हाताऱ्याला मोटारीची भारी हौस, तिच्यापुढे धंदाही सुचत नाही. दर रविवारी बापू माझ्या गाडीखाली उताणे पडलेले सापडायचे. विचारलं की म्हणायचे, "सावलीला पडलोय." दहा पावलांवर चिंच होती. सबंध तालुक्यात तेवढी गार सावली नसेल. मी त्यांना उठवून आणखी एक बाटली भरून देत असे.

बोलता तर येत नाही आणि गप्प बसवत तर नाही, अशा कात्रीत तो माणूस सापडला होता. म्हणून त्याने मधली वाट काढली होती. गाडीत स्वतः बसायचं. आपल्या देखत डॉक्टर जोरात हाकणार नाही, आणि झालंच काही तर दोघांचं होईल. हे मला पुढे कळलं. तेव्हा मी त्यांच्या मळमळीच्या नोंदी ठेवत होतो.

मालतीला नववा महिना लागला. तिच्या आईकडे पुण्याला पोचवायचं ठरलं. सकाळी लवकर गाडीत ट्रंक चढवली, वळकटी ठेवली, मालती मागे टेकून बसली. बापू आले. मी म्हणालो, "चला बापू, आज पुण्यात काय काम काढलंत?" ते गाडीत बसले नाहीत. पुढे जाऊन मोटारीच्या तोंडाशी उभे राहिले.

"आज मी येत न्हाई," ते म्हणाले. "आन् वैनींनाबी जाऊ देनार न्हाई."

मला वाटलं, दिवस वाईट आहे असलं काहीतरी असेल. मी किल्ली फिरवली. बापूंनी दोन्ही हात गाडीच्या नाकावर ठेवले. शेजारची चार माणसं गोळा झाली होती. त्यांच्या देखत बापू स्वच्छ आवाजात बोलले, "हिचा साटा मोडल्याला हाय. वरनं जोडलाय आन् डांबर फासलंय. पयल्या दिशीच बगितलं मी. आता त्यो जोड सुटाया लागलाय. यील त्या खड्ड्याला बसंल खाली."

मी खाली उतरलो आणि त्यांना वाटेल ते बोललो. आठ महिने तुम्ही हे पोटात ठेवलंत? माझी बायको रोज या गाडीत बसते, तिच्या पोटात मूल आहे, आणि तुम्हाला नारळाची पडली आहे? कळूनसवरून माणसाला झाकून ठेवणं म्हणजे त्याचा जीव घेणं, एवढी साधी गोष्ट तुम्हाला कळू नये? शिक्षण नसलं की असं होतं, हेही म्हणालो. ते वाक्य आठवलं की मला आजही लाज वाटते. माझं बोलून संपल्यावर बापूंनी मालतीला हात देऊन उतरवलं, ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेतली, तिला एस.टी.त पुढच्या सीटवर बसवलं आणि तिच्याबरोबर पुण्याला गेले. सबंध रस्ताभर त्यांना एकदाही मळमळलं नाही, असं मालतीने नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी शेडपुढे कलती केली. बापूंनी वाकसाने, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराने, डांबर खरवडलं. जोड दिसला, आणि जोडाला लागूनच एक चीर. माझं करंगळीचं नख आत गेलं. मी खाली बसलो. म्हणालो, "बापू, चुकलं माझं." ते म्हणाले, "तुमचं काय चुकलं? भोंगा ग्वाडच हाय."

मोटार मोडीत गेली. मी पुन्हा सायकलवर आलो. आम्हाला मुलगी झाली, आणि तिच्यासाठी लाकडी पांगुळगाडा करून बापू पुण्याला पोचले. पण मोडला तो नियम त्यांच्या मनातून जात नव्हता. घरच्याची खोट चारचौघांत बोललो, आता ती आपल्या घरी येणार, असं ते धरून चालले होते. त्याची त्यांनी थट्टाच करून टाकली. शिंक आली की म्हणत, "तुमच्या गाडीची शिंक." मुंगसाने कोंबडी नेली तर, "गाडीनं न्हेली." एकदा वाकस निसटून अंगठ्याला लागला. मी टाके घालत होतो, तर हे काकूंना सांगतात, "डाक्टर मोटार दुरुस्त करतोय." काकू हसून हसून खांबाला टेकल्या. मीही हसायचो. मी शास्त्र शिकलेला माणूस, मला या भोळेपणाची मजा वाटायची. आणि खांबाला टेकलेल्या काकूंचा श्वास पहिल्यापेक्षा लवकर भरतोय, हे मला दिसत होतं. मी गोळ्या बदलून दिल्या.

पुढच्या वैशाखात सरूकाकू विहिरीवर पाणी शेंदता शेंदता कोसळल्या. मी सायकल हाणत पोचलो तेव्हा बापू त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तेरावं झाल्यावर मी शेडमध्ये गेलो. बापू एका गाडीचं जू रंध्याने तासत होते. माझी, मालतीची, मुलीची चौकशी केली. पोरीला दात आले का विचारलं. मी तासभर बसलो, आणि तासाभरात त्यांनी गाडीचं नाव एकदाही काढलं नाही. मध्ये त्यांना शिंक आली. त्यांनी पंच्याने नाक पुसलं आणि काम चालू ठेवलं. तेव्हा मला कळलं. कोंबडी आणि अंगठा माझ्या गाडीच्या नावावर लिहिताना ते हसत होते. काकूंचं जाणं मात्र त्यांनी खरोखरच तिच्या नावावर लिहिलं होतं, आणि मला वाईट वाटू नये म्हणून बोलत नव्हते. सरूकाकू आपल्यामुळे गेल्या, माझी मालती वाचवायला आपण तोंड उघडलं म्हणून गेल्या, हे मनात धरून तो माणूस माझ्या मुलीच्या दातांची चौकशी करत होता.

मी ते काढून टाकू शकत होतो. त्यासाठी एकच गोष्ट बोलायला हवी होती, आणि ती माझ्या जिभेवर येत नव्हती. बापूंना आठ महिन्यांनी का होईना जमलं होतं. मला तीन वर्षांत जमलं नव्हतं. शेवटी मी म्हणालो, "बापू, काकूंचं दुखणं गाडीचं नव्हे. फार जुनं होतं ते, लहानपणापासूनचं. काळजात खोट होती. मला ऐकू आली होती."

रंधा थांबला. "कवा?"

"तुम्ही पहिल्यांदा घेऊन आलात तेव्हाच. माझ्या पहिल्या पावसाळ्यात."

"म्हंजी गाडीच्या आदी?"

"वर्षभर आधी."

त्यांनी डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. खांदे जरा उतरले. मला बरं वाटलं. आपण केलं ते योग्य केलं असं मनाशी म्हणत मी उठायलाही लागलो होतो. मग त्यांनी डोळे उघडले. आवाज चढला नव्हता, त्यात रागही नव्हता. त्यांना फक्त समजून घ्यायचं होतं.

"मंग सांगितलं का न्हाई?"

"इलाज नव्हता, बापू," मी म्हणालो. "त्याला औषधच नाही. सांगून तुम्ही तरी काय केलं असतं?"

बापूंनी विहिरीकडे बघितलं.

"पानी मी शेंदलं आसतं," ते म्हणाले.